सीक्यूला उत्तर देतो, पण समोरून कोणी घेतच नाही

या वेळी मोर्सवाल्यांची, म्हणजे रेडिओवर मोर्स कोडमध्ये बोलणाऱ्यांची, चार पत्रं आली आणि चौघांचा प्रश्न फिरून फिरून एकाच ठिकाणी येतो: समोरचा ज्या फ्रिक्वेन्सीवर पाठवतोय बरोबर त्याच फ्रिक्वेन्सीवर आपण कसं पाठवायचं. हॅम लोक, म्हणजे हौशी रेडिओवाले, याला झिरो बीट म्हणतात. माझा जिव्हाळ्याचा विषय आहे त्यामुळे पहिलं उत्तर लांबलंय, पण ते सगळ्यांनीच वाचा, पुढच्या तिघांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न: ताई, मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, भंवरकुआँजवळ राहतो, लायसन्स येऊन आठ महिने झाले. ४० मीटर बँडवर सीडब्ल्यू (म्हणजे मोर्स) करतो, गच्चीवर इन्व्हर्टेड व्ही अँटेना आहे, पॉवर ५० वॅट. कोणी सीक्यू (कोणीही उत्तर द्या अशी हाक) देत असेल आणि मी त्याला कॉल केलं तर दहातले आठ जण काहीच ऐकलं नाही असं परत सीक्यू द्यायला लागतात. पण मी स्वतः सीक्यू दिला की उत्तरं येतात, लांबलांबून येतात. अँटेना बदलू का पॉवर वाढवू?
— एक विद्यार्थी, इंदूर

उत्तर: अँटेनाला हात लावू नकोस आणि पॉवरचा विचारही सध्या सोड. तू सीक्यू दिल्यावर लांबून उत्तरं येतात म्हणजे तुझा सिग्नल बाहेर जातोय आणि नीट जातोय. फरक एवढाच की तू सीक्यू देतोस तेव्हा जुळवून घ्यायचं काम समोरचा करतो, आणि तो सीक्यू देतो तेव्हा ते काम तुझं असतं. तिथंच चुकतंय. तू त्याच्या शेजारी कुठेतरी पाठवतोयस आणि त्याच्या फिल्टरच्या, म्हणजे त्याचा रिसीव्हर जेवढी पट्टी ऐकतो तिच्या, बाहेर पडतोयस.

नीट समजून घे. मोर्सच्या सिग्नलला स्वतःचा आवाज नसतो, तो नुसता कॅरियर, म्हणजे सपाट रेडिओ लहर असतो, मोर्सची की दाबली की चालू, सोडली की बंद. आपल्याला जो टूंटूं ऐकू येतो तो आपला रिसीव्हर बनवतो, येणाऱ्या सिग्नलमध्ये स्वतःच्या ऑसिलेटरची (आत लहर तयार करणाऱ्या सर्किटची) फ्रिक्वेन्सी मिसळून, आणि दोघांतला जो फरक तो टोन म्हणून कानात येतो. ही कल्पना रेजिनाल्ड फेसेंडनची, १९०१ सालची, हेटरोडाइन हे नावही त्यानंच दिलं. आता फरक शून्य असेल तर टोनही शून्य, म्हणजे समोरचा बरोबर तुझ्या ऑसिलेटरवर असेल तर तुला काहीच ऐकू येणार नाही. म्हणून रिगमध्ये (आपल्या रेडिओ सेटमध्ये) मुद्दाम अंतर ठेवलेलं असतं, बहुतेकांत ६०० किंवा ७०० हर्ट्झ, मेन्यूमध्ये सीडब्ल्यू पिच नावानं असतं ते. डायलवर दिसते ती तुझी पाठवायची फ्रिक्वेन्सी, आणि ऐकणं त्या पिचइतकं बाजूला सरकवलेलं.

म्हणजे समज तुझा पिच ७०० आहे, तर समोरच्याचा टोन तुझ्या कानात बरोबर ७०० हर्ट्झचा येतोय तेव्हाच, आणि फक्त तेव्हाच, तू त्याच्या डोक्यावर आहेस. ४५० चा येतोय तर तू २५० हर्ट्झ लांब पाठवतोयस. तू पत्रात फिल्टरचं लिहिलं नाहीस पण माझा अंदाज आहे की तू एसएसबीचा (तोंडी बोलायच्या मोडचा) रुंद फिल्टर लावून ऐकतोस, त्यात सगळंच ऐकू येतं आणि माणूस कानाला जो टोन गोड वाटेल तिथं थांबतो, नवीन असताना सगळे असंच करतात. पण समोरच्यानं ४० मीटरच्या गर्दीत २५० हर्ट्झचा फिल्टर लावलेला असतो, म्हणजे दोन्ही बाजूंना फक्त सव्वाशे. तू अडीचशेवर. त्याच्यासाठी तू बँडवर नाहीसच. तो उद्धट नाहीये रे, त्याला खरंच ऐकू येत नाहीये.

आता करायचं काय ते. तू की दाबल्यावर तुझ्याच हेडफोनमध्ये जो आवाज येतो तो साइडटोन, आणि चांगल्या रिगमध्ये तो पिचच्याच आकड्यावर बांधलेला असतो. म्हणून गोष्ट इतकीच आहे की समोरच्याचा टोन आणि तुझा साइडटोन एकाच सुरात यायला हवेत. तो पाठवत असताना स्पॉटचं बटण दाबून धर, म्हणजे सिग्नल बाहेर न जाता नुसता साइडटोन कानात वाजेल, आणि डायल सावकाश फिरवत जा, दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून वेगळे काढता येईनात तिथं थांब. स्पॉट नसेल तर ब्रेक-इन (की दाबताच पाठवणं सुरू करणारी सोय) बंद करून की दाब, बहुतेक रिगमध्ये नुसता साइडटोन वाजतो, पण आधी वॉटमीटर बघून खात्री कर, नाहीतर बँडवर तुझा कॅरियर जाईल.

हल्ली हे काम बटणावरही होतं, आयकॉमच्या आयसी-७३०० वर सीडब्ल्यू मोडमध्ये ऑटो ट्यून आहे, याएसूच्या बऱ्याच रिगवर झेडआयएन आहे, एकदा दाबलं की रिग स्वतःच जाऊन बसते. वापर, जरूर वापर, पण सिग्नल कमजोर असेल किंवा शेजारी दुसरा जोरात चालू असेल तर बटण भलत्यावर जाऊन बसतं, आणि ते चुकलंय हे ज्याला कानानं कळतं त्यालाच कळतं. म्हणून आधी कान तयार कर.

मी गाणं शिकत होते तेव्हा पहिले कित्येक महिने गुरुजींनी तानपुरा लावायलाच बसवलं होतं. जोडाच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या की आवाज हेलकावे खातो, वँव वँव वँव, आणि घोडीखालचा मणी सरकवत गेलं की हेलकावे लांब होत होत एका क्षणी थांबतात. ते हेलकावे म्हणजेच बीट, आणि थांबणं म्हणजे झिरो बीट, रेडिओतलं आणि तानपुऱ्यातलं शास्त्र एकच. ६०० आणि ६०३ चे दोन टोन एकत्र वाजले तर सेकंदाला तीन हेलकावे.

पण मोर्समध्ये एक अडचण आहे जी कोणी नवीन माणसाला सांगत नाही आणि मग तो हेलकावे शोधत बसतो. मिनिटाला २० शब्दांच्या स्पीडला एक डिट (आखूड खूण) ६० मिलिसेकंदांचा आणि डॅ (लांब खूण) १८० चा. तीन हर्ट्झच्या एका हेलकाव्याला ३३३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हेलकावा पुरा व्हायच्या आत डॅच संपून जातो, मग तो ऐकू कसा येणार. म्हणून चालू क्यूएसओमध्ये (संभाषणात) हेलकावे शोधू नकोस, सूर ओळख. आणि तेवढं पुरतं, २०-३० हर्ट्झ इकडे तिकडे झालं तरी नेहमीच्या फिल्टरमध्ये तू आरामात बसतोस. ६०० ला सा धरला तर कोमल रे ६४० ला येतो, त्यामुळे सा आणि कोमल रे यांतला फरक ज्याला कळतो त्याला झिरो बीट जमलंच समज.

हेलकाव्यांचा सराव करायचा असेल तर त्यासाठी न तुटणारा कॅरियर लागतो, तो १० मेगाहर्ट्झवर चीनच्या बीपीएम या टाइम सिग्नल स्टेशनचा मिळतो, आपल्याकडे बऱ्याचदा चांगला येतो. रिग सीडब्ल्यूवर ठेव, तो लाव, स्पॉट दाब आणि हेलकावे थांबेपर्यंत फिरव. थांबले की डायल बघ, बरोबर १०,०००.०० किलोहर्ट्झ दाखवत असेल तर तुझी रिग कॅलिब्रेटेडही आहे. ५० हर्ट्झ चुकीचं दाखवत असेल तरी क्यूएसओला काही फरक पडत नाही, कारण ऐकणं आणि पाठवणं दोन्ही तेवढंच सरकलेलं असतं.

अजून एक तपासणी, मला ही फार आवडते. जुळलं असं वाटलं की मोड सीडब्ल्यूवरून सीडब्ल्यू-रिव्हर्सवर टाक. रिव्हर्समध्ये रिसीव्हर दुसऱ्या बाजूनं ऐकतो. बरोबर जुळलेलं असेल तर टोन जसाच्या तसा राहतो. ८० हर्ट्झची चूक असेल तर ६०० पिचच्या रिगवर एका मोडमध्ये ६८० आणि दुसऱ्यात ५२०, म्हणजे चूक दुप्पट होऊन ऐकू येते, बेसुऱ्या कानालाही कळते.

आणि हे सगळं करायच्या आधी आरआयटी बंद आहे ना ते बघ. आरआयटी फक्त ऐकायची फ्रिक्वेन्सी सरकवतं, पाठवायची तिथंच राहते. मी एकदा संध्याकाळी २० मीटरवर एका जपानी स्टेशनला चाळीस मिनिटं कॉल करत होते, टोन अगदी सुरात, सगळं बरोबर, आणि त्याच्या आधीच्या क्यूएसओमधलं ३०० हर्ट्झ आरआयटी तसंच लागलेलं. तो शेवटपर्यंत सीक्यू देत राहिला आणि बंद करून गेला. तेव्हापासून प्रत्येक क्यूएसओ संपल्यावर माझा हात आधी आरआयटीच्या क्लिअरवर जातो.

प्रश्न: सप्रेम नमस्कार. मी सिग्नल्समधून रिटायर झालो, आता महूलाच स्थायिक आहे. वय ७१. मोर्स हातात आहे, २२ च्या स्पीडला आजही अडखळत नाही. पण फौजेत आम्ही नेटिंग करायचो, कंट्रोल स्टेशन कॉल द्यायचं आणि सगळे सेट त्यावर बसवायचे, एकदा बसवले की झालं. इथं दर क्यूएसओला नव्यानं जुळवा, आणि मला सुरातलं काही कळत नाही. दोन टोन सारखे आहेत की नाहीत याची खात्रीच होत नाही. काही उपाय?
— एक वाचक, महू

उत्तर: सुभेदार साहेब, नमस्कार. (हुद्दा तुम्ही लिहिला नाहीत, चुकला असेल तर माफ करा.) तुम्ही जे नेटिंग करत होतात ते म्हणजेच झिरो बीट. जुन्या १९ नंबरच्या वायरलेस सेटला तर त्यासाठी नेटचा वेगळा स्विचच होता. माझे सासरे घरी जोडलेला ट्रान्समीटर आणि वेगळा रिसीव्हर वापरायचे, तेही असंच, फायनल (पाठवायची शेवटची पॉवर स्टेज) बंद ठेवून नुसता व्हीएफओ (फ्रिक्वेन्सी बदलता येणारा ऑसिलेटर) चालू करायचे आणि तो आपल्याच रिसीव्हरमध्ये ऐकत समोरच्याच्या सुरावर आणून ठेवायचे. फरक इतकाच की नेटवर सगळे एका कंट्रोलला धरून असतात आणि हॅम बँडवर दर वेळी कंट्रोल बदलतो.

आता कानाचं. सूर कळत नाही असं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना तो कळत असतो, फक्त पिच फार वरचा ठेवलेला असतो. तुमचा ८०० असेल तर ५०० वर आणा. २० हर्ट्झचा फरक ८०० मध्ये अडीच टक्के आहे आणि ५०० मध्ये चार टक्के, कान टक्केवारीनं ऐकतो, त्यामुळे तोच फरक खाली जास्त स्पष्ट जाणवतो. शिवाय वयाबरोबर ऐकू येणं कमी होतं ते आधी वरच्या पट्टीतलं, ५०० च्या आसपासचं बहुतेकांचं शाबूत असतं. आठवडाभर विचित्र वाटेल, चाळीस वर्षांची सवय आहे, पण बदलून बघाच.

सासरे मला गुणगुणायला लावायचे. आधी साइडटोन ऐकायचा आणि तो तोंडानं धरायचा, हं करून, आणि धरून ठेवूनच डायल फिरवायचा, समोरचा आपल्या गुणगुणण्यात येऊन मिसळला की थांबायचं. ज्यांना दोन आवाजांची तुलना जमत नाही त्यांनाही हे जमतं, कारण एक आवाज स्वतःच्या गळ्यातला असतो आणि तो छातीत जाणवतो.

एक सावधगिरी. साइडटोन ६०० आणि समोरचा ९०० असेल तर ते सा आणि प चं नातं होतं, कानाला अतिशय छान जुळल्यासारखं वाटतं, आणि तुम्ही ३०० हर्ट्झ बाहेर असता. तीच गोष्ट सा आणि वरच्या सा ची. म्हणून गोड लागतंय एवढ्यावर थांबू नका, एकच आवाज झालाय का ते बघा.

तरीही नाही जमलं तर कान बाजूला ठेवून फिल्टरकडून काम करून घ्या. फिल्टर सगळ्यात अरुंद करा, १०० किंवा ५० हर्ट्झ, तो पिचवरच सेंटर केलेला असतो, त्यात सिग्नल जिथं सगळ्यात जोरात येईल तिथं तुम्ही त्याच्यावर आहात. मग फिल्टर परत थोडा उघडा आणि कॉल करा. यात सूर कळायची गरजच नाही, फक्त मोठा आवाज कुठला आणि लहान कुठला एवढं कळलं की झालं. आणि एक विनंती, तुमच्या आसपासच्या पोरांना मोर्स शिकवा. महूसारखं ठिकाण आणि तुमच्यासारखा हात, इंदुरातून तिथं यायला तासाभराचं अंतर आहे, वरच्या पत्रातला मुलगा नक्की येईल.

प्रश्न: मी शाळेत सायन्स शिकवतो, मुलांबरोबर ४० मीटरचा एक डायरेक्ट कन्व्हर्जन ट्रान्सीव्हर जोडलाय. रिसीव्हर मस्त चालतो पण प्रत्येक स्टेशन डायलवर दोन ठिकाणी ऐकू येतं, आणि कॉल केलं तर कधी उत्तर येतं कधी नाही. जोडणीत काही चुकलंय का?
— एक शिक्षक, देवास

उत्तर: जोडणीत काही चुकलेलं नाही, हा या रिसीव्हरचा स्वभावच आहे. यात ऑसिलेटर थेट सिग्नलच्या शेजारी असतो आणि रिसीव्हरला फक्त फरक कळतो, कुठल्या बाजूचा ते कळत नाही. स्टेशन ७०२०.० किलोहर्ट्झवर असेल तर तुमचा ऑसिलेटर ७०१९.४ ला असताना ६०० चा टोन येतो आणि ७०२०.६ ला असतानाही ६०० चाच येतो. पाठवताना तुमचं सर्किट ऑसिलेटर ठरावीक ६०० हर्ट्झ एका बाजूला सरकवतं. समजा वर सरकवत असेल. तर ७०१९.४ वरून तुम्ही बरोबर ७०२०.० ला पोचता, आणि ७०२०.६ वरून ७०२१.२ ला, म्हणजे १२०० हर्ट्झ लांब. कधी उत्तर येतं कधी नाही त्याचं कारण हेच, तुम्ही कधी बरोबर बाजूनं ट्यून करता कधी चुकीच्या.

डायल खालून वर फिरवा, टोन आधी बारीक असेल, मग जाड होत होत नाहीसा होईल, आणि परत जाड ते बारीक होत जाईल. मधली जी शांत जागा ती खरी झिरो बीट, नाव तिथूनच आलंय. तुमचं सर्किट वर सरकवत असेल तर शांत जागेच्या नेहमी खाली बसायचं, खाली सरकवत असेल तर वर. कुठल्या बाजूला सरकवतं ते एकदा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) लावून दुसऱ्या रिसीव्हरवर ऐकून घ्या आणि डब्यावर मार्करनं बाण काढून ठेवा, मुलांनाही सोपं जाईल.

सर्किटमध्ये सरकणंच नसेल आणि आरआयटी असेल तर अजून सोपं: आरआयटी बंद करून शांत जागेवर आणा, मग आरआयटी लावून टोन ऐका, पाठवताना ते आपोआप निघून जाईल. आणि तो स्वस्तातला ७०२३ च्या क्रिस्टलचा पिक्सी किट असेल तर त्यात बाकीच्यांकडे जाताच येत नाही, तिथं सीक्यू देऊन दुसऱ्यानं येण्याची वाट बघायची.

गच्चीवर डेमो करणार असाल तर किट आधी अर्धा तास चालू ठेवा आणि सावलीत ठेवा. मे महिन्यात आपल्याकडचं ऊन लागलं की साधा एलसी (कॉइल आणि कपॅसिटरचा) ऑसिलेटर सरकत जातो, आणि मुलांना वाटतं समोरचाच पळतोय.

प्रश्न: ताई, मला झिरो बीट व्यवस्थित जमतं, पण दुर्मिळ स्टेशन आलं आणि पाइलअप (सगळ्यांची त्याच्यावर झुंबड) झाला की मी बरोबर त्याच्या फ्रिक्वेन्सीवर असूनही माझा नंबर कधीच लागत नाही.
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर: कारण तिथं आणखी पन्नास जण बरोबर त्याच फ्रिक्वेन्सीवर आहेत, सगळ्यांच्या हातात आता ऑटोचं बटण आहे. सगळे एकाच सुरात वाजले की त्याला एक लांबलचक आवाज ऐकू येतो, कॉल साइन एकही नाही. अशा वेळी मुद्दाम ५० ते १०० हर्ट्झ बाजूला व्हा, एक्सआयटीनं पाठवणं तेवढं सरकवा. फिल्टरमध्येही राहाल आणि तुमचा सूर गर्दीतून वेगळा निघेल. कुठल्या बाजूला व्हायचं ते तो ज्यांना उत्तर देतोय ते कुठे आहेत ते ऐकून ठरवा.

पण त्याच्याही आधी तो क्यूएसओ संपवताना शेवटी काय पाठवतो ते ऐका. यूपी पाठवत असेल तर तो स्वतःच्या फ्रिक्वेन्सीवर ऐकतच नाहीये, वर ऐकतोय, बहुतेक वेळा एक किलोहर्ट्झपासून पुढे. मग स्प्लिट लावायचं, ए व्हीएफओवर तो, बी व्हीएफओवर तुमचं पाठवणं, आणि आत्ता ज्याचा नंबर लागला त्याला बँडवर शोधायचं. तो सापडला की तुमचा बी व्हीएफओ त्याच्या थोडा वर किंवा खाली ठेवा, दोन-तीन क्यूएसओ नुसते ऐकलेत तर तो वर सरकत जातोय की खाली येतोय हे कळतं. यूपी दिलेलं असताना त्याच्याच डोक्यावर कॉल करू नका, बाकी सगळ्यांना तो ऐकू येईनासा होतो. पत्रावरून मला वाटतं तुमच्याकडून नेमकं हेच होत असावं, त्यामुळे पुढच्या वेळी पहिली पाच मिनिटं कीला हात न लावता फक्त हेडफोन लावून बसा आणि काय ऐकलंत ते मला कळवा.